टेकडीवरची सुई

मी विमा कंपनीत दावे तपासायची. दुकान जळालं म्हणून रडत आलेल्या माणसाचं रडणं मी नंतर बघायची, आधी त्याचे पाय बघायची. आगीतून जीव घेऊन पळालेल्या माणसाच्या बुटांच्या नाड्या नीट बांधलेल्या दिसल्या की माझ्या मनात पाल चुकचुकायचीच, आणि बहुतेक वेळा ती बरोबर चुकचुकायची. मी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेबांनी मला 'चाळणी' म्हटलं, तेही मी समोर बसलेली असताना. ते नाव माझ्या आधी घरी येऊन पोहोचलं.

घरातून ते पक्षिमित्र मंडळात गेलं. मला स्वतःला पक्ष्यांतलं फारसं कळत नाही. कळतं ते आमच्या यांना. हे शाळेत चित्रकलेचे मास्तर होते, मंडळात सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. पण मंडळाच्या कामात पक्षी थोडे आणि माणसंच जास्त, आणि माणसं मला कळतात. म्हणून वर्षाच्या आढाव्याचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं. वर्षभरात कुणी काय नवलाचं पाहिलं, शास्त्रज्ञांनी काय नवं शोधून काढलं, हे सगळं गोळा करून एक पुस्तिका छापायची. जी नोंद पटणार नाही तिच्यापुढे 'पुरावा अपुरा' असं लिहून ती बाजूला काढायची. तो अधिकार पूर्ण माझा, अध्यक्षही त्यात बोट घालत नाहीत.

या वर्षी चाळणीला भरपूर काम होतं. सांडपाण्याच्या तळ्यावर एक लाल डोक्याचं परदेशी बदक उतरलं म्हणून अर्धं मंडळ दुर्बिणी घेऊन धावलं. समुद्र ओलांडून आलेलं रानबदक माणूस दिसला की उडून जातं. हे पावाच्या आशेने सगळ्यांच्या मागे मागे चालत होतं. पलीकडच्या बंगल्यातून सुटलेलं निघालं. एका वकिलाने घुबडाचा फोटो पाठवला. घुबड देखणं होतं, फक्त एका पायाला पुढेच पाच बोटं होती. विचारलं तर वकीलसाहेब म्हणाले, संगणकाने 'जरा साफ' करून दिलाय. मग शास्त्रज्ञांनी रक्त तपासून जाहीर केलं की आपण ज्यांना दोन जातींचे वटवटे समजत होतो ते मुळात एकच. प्रत्येकाच्या जन्मभराच्या यादीतून एक पक्षी वजा झाला, आणि मंडळातले औषधवाले "असं कसं, मी दोन्ही बघितलेत" म्हणून फुरंगटून बसले. शिवाय आवाज ओळखणारी ती फोनमधली नवी युक्ती. तिने मंडळाच्या कार्यालयाबाहेर एक दुर्मिळ सुतारपक्षी शोधून काढला. फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं तेव्हा तो सुतार कायमचा गेला.

हे सगळं आढाव्याच्या मागच्या पानांवर. पहिलं पान यांचं होतं.

आमच्या गावाबाहेरच्या टेकडीवर उंच झाडांच्या शेंड्यांत एक पक्षी राहायचा, अंगठ्याएवढा. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे, पण मंडळात त्याला सुई म्हणतात, कारण त्याचा आवाज जाड कापडातून सुई ओढावी तितका बारीक. तो दिसत जवळजवळ नाहीच. आवाजावरूनच मोजायचा. हे तरुणपणापासून दर वसंतात टेकडी चढत आलेत. वाटेवर ठरलेले थांबे आहेत, प्रत्येक थांब्यावर काही वेळ गप्प उभं राहायचं आणि कानावर येईल ते कार्डावर मांडायचं. आधी सुया पुष्कळ असायच्या. मग कमी झाल्या, मग हाताच्या बोटांवर आल्या, आणि गेली कितीतरी वर्षं शून्य. हा वसंतही कोरडा गेला तेव्हा मंडळाने ठरवलं की सुई टेकडीवरून नाहीशी झाली असं आता छापायचं. लेख यांनीच लिहिला. मी टंकत होते. 'ती शेवटचं कधी बोलली ते मला ठाऊक नाही, कारण तेव्हा ते शेवटचं आहे हे मला कळलं नव्हतं' या वाक्याला माझे डोळे भरून आले. माझे, म्हणजे बघा. पहिल्या शून्याच्या दिवशी हे घरी येऊन कसे बसले होते ते मी पाहिलं होतं. माणूस गेल्यासारखे बसले होते.

अध्यक्षांना तो लेख इतका आवडला की त्यांनी प्रकाशनाच्या दिवशी यांचा सत्कार ठरवला. विद्यापीठातल्या लोकांनीही कळवलं की मास्तरांची सलग मोजणी आम्हाला आमच्या अभ्यासासाठी हवी. या वयात हे इस्त्रीचा सदरा बाहेर काढून ठेवायला लागले होते.

आणि अशा वेळी माझ्या नणंदेची मुलगी दारात उभी राहिली.

ती दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर दुसऱ्यांचे जबडे समोर ठेवून बसते आणि सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन हिंडते. हिरवट रंगाचा एक डबा तिने टेबलावर ठेवला. झाडाला बांधून यायचा, मग तो आपोआप आवाज टिपत राहतो.

"मामा," ती म्हणाली, "टेकडीवर सुया आहेत."

हे पेन्सिलीला टोक करत होते. टोक करायचे थांबले नाहीत. "यंत्राला फाटक आणि सुतार यांतला फरक कळत नाही, बाळ."

"यंत्राचं सोडा. मी स्वतः जाऊन ऐकल्या. दोनदा."

"कुठे?"

"सगळीकडे."

यांनी चाकूचं पातं मिटून ठेवलं, पेन्सिल खिशात घातली आणि बाहेर फिरायला निघून गेले. चहा तसाच राहिला. ती माझ्याकडे वळली. "मामी, मी नोंद दिलीय. आढाव्यात काय करायचं ते तुम्ही बघा."

मी बघायला लागलेच होते. सत्काराच्या तोंडावर बरी सुचली हिला. मोजणीचं काम मामानंतर कुणाकडे जाणार याची मंडळात कुजबुज होतीच. मामाची सुई संपली आणि भाचीला सापडली, तर पुढचं कार्ड कुणाच्या हातात जाईल हे कळायला विमा कंपनीत नोकरी करावी लागत नाही. त्यात ही माझ्या नणंदेची मुलगी. त्या घराण्यातलं कुणी सरळ दारातून आत आलेलं मी पाहिलेलं नाही. हेही त्याच घराण्यातले, पण यांच्यावर माझी देखरेख आहे.

डबा तिने ठेवून दिला होता, सोबत एक छोटा स्पीकरही. मी कानाला हेडफोन लावून ऐकत बसले. पानांची सळसळ, लांबचा ट्रक, आणि मधूनमधून एक अतिशय बारीक, वर वर जाणारी रेघ. दाढ ठणकावी तसा आवाज. सुई असेलही, पण ती याच टेकडीवरची कशावरून? दुसऱ्या कुठल्या जंगलातून टिपून आणली असेल. जळालेल्या दुकानात जुना माल आणून टाकणारे मी पाहिलेत.

साक्षीदार पाहिजे होता. मागची काही वर्षं मोजणीला यांच्या सोबत औषधवाले जात. मी खोकल्याचं औषध घ्यायचं निमित्त काढून त्यांच्या दुकानात गेले.

"टेकडीवर सुई शेवटची कधी ऐकलीत?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

ते बाटली कागदात गुंडाळत होते. "सुई? असते की, वहिनी."

"असते म्हणजे?"

"म्हणजे मी गेलो तेव्हा तरी होती."

"मग बोलला का नाहीत?"

औषधवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी अशिष्ट बोलले. "वहिनी, नियम आहे ना."

नियम मला माहीत होता, कारण तो आमच्या यांनीच केलेला. मोजणारा एकच. सोबत कुणी असलं तर त्याने मागे उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही, बोट दाखवायचं नाही. मोजणाऱ्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेलंच कार्डावर लिहायचं, नाहीतर उत्साही लोक त्याच्या तोंडात हवे ते पक्षी कोंबतात. एकदा अध्यक्षांच्या तोंडून नुसतं "तो बघा" निघालं, तर यांनी सगळ्यांना पुन्हा पायथ्याशी आणून मोजणी पहिल्यापासून केली होती.

"पण नंतर आकडे छापून आले तेव्हा?" मी म्हटलं. "शून्य वाचल्यावर तरी?"

"मला वाटलं, मास्तरांनी काहीतरी बघून ती बाद केली असेल. दुसराच पक्षी असेल. ते मास्तर, मी गोळ्या विकणारा. त्यांना काय सांगणार?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि मलाच एकट्याला असं वाटलं असेल असं नाही. सगळेच गप्प होते. म्हणून मीही."

मी घरी येईपर्यंत माझा खटला तयार होता. भाची आणि औषधवाले एक झालेत. यादीतला वटवटा गेल्याचा राग औषधवाले मास्तरांवर काढतायत. हा खटला मला फार आवडला होता. घरी आले तर कपडे धुण्याचं यंत्र काम संपवून पी-पी-पी करत बसलेलं, आणि हे त्याच्या शेजारच्या खुर्चीत शांतपणे चित्र काढत बसलेले.

या पी-पीवरून आमच्या घरात अनेक वर्षं महाभारत चाललंय. यंत्र ओरडलं की जो जवळ असेल त्याने कपडे वाळत टाकायचे. हे कधी म्हणजे कधी उठत नाहीत. सोयीचं तेवढंच यांच्या कानात शिरतं असं मी माझ्या माहेरच्यांना, यांच्याकडच्यांना आणि भाजीवालीलासुद्धा सांगून झालंय. त्या दिवशीही माझ्या तोंडावर तेच आलं होतं. पण या वेळी ते तोंडातच राहिलं.

मी आवाज न करता भाचीचा स्पीकर घेतला, यांच्या पाठीमागच्या फळीवर ठेवला आणि सुई लावली. हे चित्र काढत राहिले. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. खोलीभर ती बारीक रेघ अशी घुमत होती की माझ्या कानांत ठणका लागला. हे खोडरबराने एक फांदी पुसत होते. मी स्पीकर बंद केला आणि परत फिरताना माझा गुडघा खुर्चीवर आपटला, अगदी हलका, धप्प असा.

"लागलं का गं?" हे ताबडतोब मागे वळून म्हणाले.

तेव्हासुद्धा मी लगेच विश्वास ठेवला नाही. म्हटलं, नाटक असेल. भाचीची सुई ऐकायची नाही असा हट्ट असेल. हट्टी आहेतच. मला असा पुरावा हवा होता की ज्यात खोटं बोलून यांना काही मिळणार नाही.

"अंग गरम वाटतंय तुमचं," मी म्हटलं आणि कपाटातलं डिजिटल थर्मामीटर आणून यांच्या काखेत दिलं.

"काही नाही झालेलं मला."

"बसा गुपचूप."

हे बसले. मी समोर बसले. थर्मामीटर वाजलं. चांगलं खणखणीत वाजलं, थांबलं. हे भिंतीकडे बघत बसलेच होते, हात अंगाला घट्ट दाबून, शाळेतल्या मुलासारखे. बऱ्याच वेळाने म्हणाले, "किती वेळ लागतो गं याला? वाजत कसं नाही?"

मी थर्मामीटर काढून घेतलं. ताप नाही म्हणून सांगितलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि ओट्याला धरून उभी राहिले. माझी पाल या वेळी चुकीच्या माणसावर चुकचुकली होती. टेकडीवरून काहीच गेलं नव्हतं. गेले होते ते यांचे कान, आणि तेही पूर्ण नाही, फक्त वरचं बारीक टोक तेवढं. माझं बोलणं यांना ऐकू येतं, दाराची कडी ऐकू येते, पारव्याची घुमघुम माझ्या आधी ऐकू येते. त्यामुळे यांना संशय आला नाही, मला आला नाही. आणि ज्यांना यायला हवा होता ते सगळे नियमाप्रमाणे यांच्या पाठीमागे तोंड मिटून उभे होते.

भाचीला मी दुसऱ्या दिवशी तिच्या कामाच्या जागी गाठलं. टेबलावर दातांची रांग मांडून ती एकेक घासत होती.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

तिने यंत्र बंद केलं. "आईचंही तसंच झालंय, मामी. दोन वर्षांपूर्वी लक्षात आलं. ती मान्य करत नाही, सगळे पुटपुटतात म्हणते. मामाचे आकडे लावून बघितले तर आधी बारीक आवाजाचे पक्षी गेले, मग त्याहून जरा जाड आवाजाचे. जाड आवाजाचे सगळे जागच्या जागी. टेकडी असं निवडून काही घालवत नाही."

"मग सरळ सांगायचं."

"कसं सांगू? म्हटलं, माणसाने सांगण्यापेक्षा डब्याने सांगावं." ती पुन्हा दात उचलून बघायला लागली. "तुम्ही माझ्या नोंदीवर 'पुरावा अपुरा' लिहा. मी काही बोलणार नाही. सत्कार होऊन जाऊ दे."

यात तिचा काय डाव असेल हे मी घरी पोहोचेपर्यंत शोधत होते. सापडला नाही. त्याचा मला रागच आला.

त्या संध्याकाळी मी आढाव्याचे कच्चे कागद घेऊन बसले. माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या. भाचीची नोंद छापली तर पहिलं पान जाणार, सत्कार जाणार, आणि माणसाला कळणार की आपण इतकी वर्षं भरल्या झाडांखाली उभं राहून शून्य लिहीत आलो. नाही छापली तर काहीच होणार नाही. सुयांना आपण नाहीशा झालोय हे कळण्याचं कारण नव्हतं. मी तिच्या नोंदीपुढे 'पुरावा अपुरा' लिहिलं. एवढ्या वर्षांत जाणूनबुजून खोटा शेरा मी एकदाही मारला नव्हता. हा मारला.

रात्रीचं जेवण झाल्यावर यांनी कागद मागून घेतले. शेवटचा हात हे फिरवतात, चित्रं कुठे बसवायची ते बघायला. भाचीच्या नोंदीपाशी थांबले.

"कारण काय दिलंस?"

"यंत्र."

"पण ती म्हणते कानाने ऐकली. दोनदा."

"म्हणेल. खोटं बोलत असेल."

यांनी चष्मा काढला. "माझ्या बहिणीची मुलगी आहे ती. तापट आहे, आगाऊ आहे, पण खोटारडी नाही. हे असं छापलं तर जन्मभर तिच्या नावापुढे राहील. तिची कुठलीही नोंद कुणी खरी मानणार नाही."

"तिचं तिनेच सांगितलंय, लिहा म्हणून."

माझी जीभ घसरली होती. "असं का सांगेल कुणी?" असं म्हणून त्यांनी कागद बाजूला ठेवले. "उद्या आपण तिघं टेकडीवर जाऊ. मी ऐकतो. नसेल तर मीच तिला समजावेन, कुठला आवाज ऐकून फसली ते. शेरा नको."

मी पाऊस येईल म्हटलं, गुडघा दुखतोय म्हटलं, छापखान्याची मुदत सांगितली. काही चाललं नाही. माणूस भला असला की त्याला वाचवणं फार कठीण जातं.

सकाळी आम्ही चढलो. पहिल्या थांब्यावर हे पुढे उभे राहिले, कार्ड आणि पेन्सिल घेऊन, आम्ही दोघी मागे. दूर खाली कुठेतरी होला घुमला तो यांनी आमच्या आधी टिपला. सुताराची ठकठक टिपली. इतक्या लांबची होती की भाचीने भुवया उंचावल्या. सुई त्या थांब्यावर नव्हती. मला इतकं बरं वाटलं की मी मनातल्या मनात सगळ्या सुयांना गप्प बसण्याबद्दल धन्यवाद दिले.

दुसऱ्या थांब्यावर ती होती. डोक्यावरच्या झाडात, डाव्या बाजूला, डब्यात होती तशीच. मी मान खाली घातली आणि बुटांकडे बघत राहिले. भाची हाताची घडी घालून पुतळ्यासारखी उभी. हे कान देऊन ऐकत होते, अंगातल्या प्रत्येक स्नायूने ऐकत होते, आणि त्यांची पेन्सिल कार्डाच्या वर तशीच थांबलेली होती. शेवटी त्यांनी शून्य मांडलं. ते मांडताना मला बघवेना.

तिसऱ्या थांब्यावर माझा बंदोबस्त फसला. मी बुटांकडे बघत असतानाच ती अगदी जवळ, अचानक बोलली, आणि माझी मान आपोआप वर गेली. भाचीचीही गेली. लगेच आम्ही दोघींनी माना खाली घातल्या. पण हे त्याच क्षणी मागे वळले होते.

माझ्या हे लक्षातच राहिलं नव्हतं की कान गेले तरी यांचे डोळे शाबूत आहेत. पानाआड बसलेला पक्षी त्याच्या हलण्यावरून ओळखण्यात यांचा जन्म गेलाय. त्यांनी भाचीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आम्ही दोघींनी जिकडे बघितलं होतं त्या झाडाकडे.

"तुम्ही दोघी एकदम तिकडे बघितलंत," हे म्हणाले.

भाचीने तोंड उघडलं. यांनी हाताने तिला थांबवलं. "तू नको. तू माझ्यावर माया करशील." मग मला म्हणाले, "तू सांग. बोलतेय का ती?"

उत्तर मी रात्रीच तयार करून ठेवलं होतं. नाही म्हणायचं, फांदी हलली म्हणायचं, गुडघ्यात कळ आली म्हणायचं. सगळी उत्तरं चांगली होती. पण हे माझ्याकडे असे बघत होते की जणू जगात याबाबतीत विचारण्यासारखं दुसरं माणूसच नाही. मी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला आणि या माणसाने त्या संशयावर विश्वास ठेवला. त्याच्यापुढे मला खोटं बोलता येईना.

"बोलतेय," मी म्हटलं.

"खरंच?"

"मागच्या थांब्यावरही होती. थर्मामीटरही वाजलं होतं त्या दिवशी."

थर्मामीटरचं यांना कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. कळताना मला दिसलं.

माझ्या नोकरीत मी एक गोष्ट शिकले होते. चोरीला गेलेली वस्तू सापडली असं सांगितलं की खोट्या दावेदाराचा चेहरा आधी पडतो आणि मग तो हसतो. खरा आधी हसतो, आणि आता पुढे काय, हे त्याला नंतर सुचतं. मी यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. माझ्यासाठी किंवा भाचीसाठी हे काही सोंग करतील याची मला खात्री होती, आणि ते मी पकडणार होते.

हे हसले. आधी हसले. तोंडभर, मोकळे, समोरचा एक दात नाही तोही दिसेपर्यंत.

"म्हणजे मेल्या नाहीत," हे म्हणाले. "अगं, इथेच आहेत. सगळ्या इथेच होत्या."

बाकीचं मग आलं. भाचीने त्यांना दगडावर बसवलं. लेख, सत्कार, विद्यापीठाला दिलेले आकडे, हे सगळं एकामागून एक त्यांच्या तोंडावर उमटत गेलेलं मी बघितलं. "इतकी वर्षं माझ्या मागे उभे होते ते सगळे," हे म्हणाले. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की औषधवाले समोर असते तर मी त्यांना टेकडीवरून ढकलून दिलं असतं. मग आठवलं, घरात तर मीच होते.

"पहिलं पान तसंच ठेव," थोड्या वेळाने हे म्हणाले. "माझंच. पण आता हे लिहायचं. मोजणाऱ्याचे कान गेले होते आणि त्याला कुणी सांगितलं नाही, कारण त्याने सांगायला मनाई केली होती. असंच्या असं."

"मामा, एवढं उघड नको," भाची म्हणाली.

"मग विद्यापीठाला काय सांगू? सुया परत आल्या?" यांनी नाक पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. "तू काय शेरा मारशील याच्यावर?"

शेरा काही नाही, अशी मी मान हलवली. हे उठले, झाडाखाली जाऊन उभे राहिले आणि शेंड्याकडे बघायला लागले. तिथे पानांशिवाय काही दिसत नव्हतं.

"अजून बोलतेय?"

"बोलतेय."

"थांब मग जरा," हे म्हणाले, आणि आम्ही थांबलो.